लोकम सीआरएनए: करारावर भूल द्यायला जाण्याआधी, गेल्यावर आणि निघताना

रुग्णालयांना माणसं पुरवणाऱ्या एजन्सीच्या रिक्रूटरचा फोन आला की पहिल्या मिनिटात दर सांगितला जातो. ताशी अमुक डॉलर, तेरा आठवडे, राहायची सोय आमची. ऐकता ऐकता डोक्यात गुणाकार सुरू होतो. माझ्याही झाला होता. पहिला करार मी त्या गुणाकाराच्या भरवशावर घेतला. सहाव्या आठवड्यात 'सोमवारपासून गरज नाही' असा दोन ओळींचा मेल आला. तेव्हा करार नीट वाचला आणि कळलं, की तीस दिवसांच्या नोटिशीचं कलम फक्त मला बांधत होतं, रुग्णालयाला नाही. भाड्याच्या घराचे पुढचे दोन महिने माझ्या गळ्यात पडले.

लोकम म्हणजे आपल्या भाषेत बदली कामगार. कुणी बाळंतपणाच्या रजेवर गेलं, कुणी सोडून गेलं, नवीन ओआर (शस्त्रक्रियेची खोली) उघडली आणि माणसं नाहीत, अशा वेळी काही आठवडे किंवा महिने जागा सांभाळायला येणारी भूल देणारी नर्स. भारतात भूल डॉक्टर देतात, त्यामुळे घरी हे काम समजावून सांगताना अर्धा तास जातो. अमेरिकेत मात्र नर्सेस एकोणिसाव्या शतकापासून भूल देत आल्या आहेत, आणि १९८६ च्या कायद्याने मेडिकेअरकडून (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याकडून) त्यांना थेट मोबदला मिळण्याची वाट मोकळी केली. हा लेख तिथल्या सीआरएनएसाठी, म्हणजे भूल देण्याचं प्रमाणपत्र मिळवलेल्या नर्ससाठी आहे, आणि जी मुलगी अजून भूल-शिक्षणात आहे पण आतापासून लोकमचं स्वप्न बघते आहे तिच्यासाठीही.

कायमच्या नोकरीत कितीतरी गोष्टी दुसऱ्या कुणीतरी तुमच्या नकळत करून ठेवलेल्या असतात. विमा कुणी काढला, कर कुणी कापला, डँट्रोलीनची (भुलेत ताप अचानक जिवावर बेतेल इतका चढला तर द्यायच्या औषधाची) गाडी कुठे उभी असते, कुठल्या सर्जनला रक्तदाब किती खाली आवडतो. लोकममध्ये यातलं प्रत्येक काम आधी आठवून, विचारून, लिहून घ्यायचं असतं. दर जास्त मिळतो तो याच कामाचा.

आधी दोन गोष्टी तपासा

पहिली, अनुभव. पदवी मिळाल्यावर लगेच लोकमला जाऊ नका. एजन्सी घेतील, कारण माणसं कमी आहेत. पण नवख्या सीआरएनएला शिकवणारे डोळे आजूबाजूला लागतात, आणि लोकमला कुणी शिकवत नाही. दोन वर्षं एका ठिकाणी काढा, त्यातही रात्रीची ड्युटी असलेल्या ठिकाणी.

दुसरी, इमिग्रेशन. १०९९ वर, म्हणजे स्वतंत्र कंत्राटदार म्हणून काम करायचं तर तसा अधिकार हवा: नागरिकत्व, ग्रीन कार्ड किंवा खुलं वर्क परमिट. एच-वन-बी एका मालकाशी बांधलेला असतो, आणि कामाचं ठिकाण वेगळ्या महानगर क्षेत्रात गेलं तर बहुतेक वेळा दुरुस्त अर्ज भरावा लागतो. 'आपण नंतर बघू' म्हणणारा रिक्रूटर तुमच्यासाठी काहीच बघणार नाही. वकिलाला विचारा आणि मगच पुढे वाचा.

तिथे भूल कशी चालते, हे विचारा

'सुपरव्हिजन आहे का?' एवढा प्रश्न पुरत नाही. मोठ्या शहरी रुग्णालयांत बहुधा टीम पद्धत असते: एक भूलतज्ज्ञ डॉक्टर आणि त्याच्या हाताखाली दोन ते चार खोल्या. मेडिकेअरच्या भाषेत हे 'मेडिकल डायरेक्शन'. यात डॉक्टरला भूल सुरू करताना आणि इतर ठरलेल्या टप्प्यांवर हजर राहावं लागतं, आणि मोबदला दोघांत निम्मा-निम्मा वाटला जातो. तुमच्या बिलावर क्यूएक्स हा कोड लागतो, डॉक्टरच्या बिलावर क्यूके. जिथे तुम्ही मेडिकल डायरेक्शनशिवाय काम करता, तिथे क्यूझेड. हे तीन शब्द रिक्रूटरला विचारा. त्याला माहीत नसेल तर भूल विभागप्रमुखाशी फोन लावून द्यायला सांगा, आणि तो लावून देत नसेल तर दुसरी जागा बघा.

खेड्यातल्या क्रिटिकल अ‍ॅक्सेस रुग्णालयांत, म्हणजे जास्तीत जास्त २५ खाटांच्या, अनेकदा भूल विभाग म्हणजे एक-दोन सीआरएनएच. तिथे रात्री तीन वाजता सिझेरियनला बोलावलं तर खोलीत भूल देणाऱ्या तुम्ही एकट्या. काहींना हेच आवडतं. मला आवडतं. पण ज्यांनी गेली पाच वर्षं फक्त कोलोनोस्कोपीच्या खोलीत प्रोपोफोल दिलं आहे, त्यांनी आरशात बघून उत्तर द्यावं.

राज्याचा कायदाही बघायला हवा. नोव्हेंबर २००१ च्या केंद्रीय नियमाने राज्यपालांना मेडिकेअरच्या डॉक्टर-देखरेखीच्या अटीतून बाहेर पडायची मुभा दिली. आयोवा पहिलं राज्य होतं, त्याच वर्षी डिसेंबरात. पुढे मिनेसोटा, कॅन्सस, विस्कॉन्सिन, कॅलिफोर्निया अशी यादी वाढत गेली. पण ऑप्ट-आउट म्हणजे मोकळं रान नव्हे. ती फक्त केंद्राची अट उठते. राज्याचा स्वतःचा कायदा आणि त्या रुग्णालयाचे बायलॉज, म्हणजे अंतर्गत नियम, आपापल्या जागी तसेच राहतात. मी ऑप्ट-आउट राज्यातल्या एका रुग्णालयात गेले, तिथे प्रत्येक स्पायनलआधी (पाठीच्या कण्यात द्यायच्या भुलेआधी) डॉक्टरची सही लागायची. का? 'पूर्वीपासून असंच आहे.'

लायसन्स

आरएनचं, म्हणजे नोंदणीकृत नर्सचं, लायसन्स कॉम्पॅक्टमधल्या (एकमेकांची लायसन्सं मानणाऱ्या राज्यांच्या करारातल्या) राज्याचं असलं तर कॉम्पॅक्टमधल्या बाकी राज्यांत चालतं. सीआरएनएचं एपीआरएन (प्रगत नर्सचं) लायसन्स तसं चालत नाही, ते प्रत्येक राज्याचं वेगळं काढावं लागतं. आणि कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क यांसारख्या कॉम्पॅक्टबाहेरच्या राज्यांत आधी आरएनचंही काढावं लागतं. म्हणजे दोन अर्ज, दोन फिया, दोनदा बोटांचे ठसे. फी एजन्सी देते का ते विचारा, बऱ्याच देतात. पण अर्ज स्वतः भरा, पासवर्ड स्वतःकडे ठेवा.

याला एक पळवाट आहे, पूर्ण कायदेशीर. केंद्र सरकारच्या संस्थांमध्ये, उदाहरणार्थ व्हेटरन्स अफेअर्सच्या किंवा इंडियन हेल्थ सर्व्हिसच्या रुग्णालयांत, कुठल्याही एका राज्याचं चालू लायसन्स पुरतं. नवीन राज्याच्या लायसन्सची वाट बघत बसण्यापेक्षा पहिला करार तिथे घेता येतो. फक्त व्हीएने २०१६ साली इतर एपीआरएनना स्वतंत्र कामाचा पूर्ण अधिकार देताना सीआरएनएंना बाहेर ठेवलं, हे लक्षात असू द्या.

डीईए, म्हणजे नियंत्रित औषधांसाठीच्या केंद्रीय नोंदणीबद्दल प्रत्येक ठिकाणी वेगळं उत्तर मिळेल. कुठे रुग्णालयाच्या नोंदणीखाली काम चालतं, कुठे त्या राज्याच्या पत्त्यावरचं स्वतःचं डीईए लागतं. स्वतःचं लागणार असेल तर जून २०२३ पासून लागू झालेलं, एकदाच करायचं आठ तासांचं प्रशिक्षणही झालेलं हवं.

फाइल: एकदाच करा, नीट करा

क्रेडेन्शियलिंगला, म्हणजे रुग्णालयाने तुमचे कागद तपासून मान्यता द्यायला, दोन ते चार महिने लागतात. त्यातला अर्धा वेळ तुमच्या कागदांची वाट बघण्यात जातो, आणि तो अर्धा तुमच्या हातात असतो. मी एका फोल्डरमध्ये सगळं स्कॅन करून ठेवलं आहे. फाइलच्या नावातच मुदत संपायची तारीख, म्हणजे 'एसीएलएस, मार्च' असं वरूनच दिसतं.

त्यात काय असावं? पदव्या आणि ट्रान्सक्रिप्ट, एनबीसीआरएनएचं (सीआरएनएंना प्रमाणित करणाऱ्या मंडळाचं) प्रमाणपत्र, सगळी लायसन्सं (जुनी, संपलेलीही), एनपीआय (तुमचा राष्ट्रीय ओळख क्रमांक), बीएलएस-एसीएलएस-पीएएलएस (जीव वाचवण्याच्या प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं), लसी आणि टायटर (प्रतिकारशक्तीची रक्तचाचणी), टीबी चाचणी, आजवरच्या प्रत्येक मॅलप्रॅक्टिस (उपचारातल्या चुकीच्या दाव्यांच्या) पॉलिसीचं पहिलं पान, गेल्या दोन वर्षांची केस-यादी, आणि तीन जणांची नावं ज्यांनी तुम्हाला अलीकडे काम करताना पाहिलं आहे. सीव्ही महिन्यासह लिहा. '२०१९ ते २०२१' चालत नाही, कारण मधे महिनाभराची पोकळी दिसली की क्रेडेन्शियलिंगवाल्या बाई खुलासा मागतात. आईच्या आजारपणासाठी तीन महिने भारतात गेला होतात? सीव्हीतच एका ओळीत लिहून टाका. लपवण्यासारखं काही नाही, आणि विचारण्याआधी लिहिलं की आठवडा वाचतो.

नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँकेतून स्वतःबद्दलची माहिती स्वतः मागवून बघा. तुमच्या वतीने कुणी मॅलप्रॅक्टिसची भरपाई दिली असेल तर तिथे नोंद असते. रुग्णालयाला कळण्याआधी ती तुम्हाला माहीत असावी.

एक अडचण बहुतेकींच्या लक्षात येत नाही. डॉक्टर रजेवर गेला तर मेडिकेअर त्याच्याच नावाने, क्यू-सिक्स हा कोड लावून, सलग साठ दिवसांपर्यंत बदली डॉक्टरच्या कामाचं बिल घेतं. ही सोय सीआरएनएला लागू नाही. म्हणजे तुमच्या कामाचं बिल मेडिकेअरला लावायचं तर तुमची स्वतःची मेडिकेअर नोंदणी हवी, आणि बिलाचे हक्क त्या संस्थेकडे वळवलेले हवेत. रुग्णालय 'लायसन्स आलं, प्रिव्हिलेज (रुग्णालयात काम करायची परवानगी) आलं, तरी अजून दोन आठवडे थांबा' म्हणतं, त्यामागे बहुधा हेच असतं. सुरुवातीची तारीख ठरवताना विचारून घ्या, नाहीतर सामान बांधून घरी बसावं लागतं.

घाईच्या वेळी रुग्णालय तात्पुरती प्रिव्हिलेज देऊ शकतं. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनच्या नियमाप्रमाणे नवीन अर्जदाराला ती जास्तीत जास्त १२० दिवस, आणि तीही अर्ज पूर्ण असेल तरच. अर्धवट फाइलवाल्यांना ही वाट बंद.

आता प्रिव्हिलेजच्या अर्जातली लांबलचक यादी: न्यूरॅक्सिअल (कण्यातली भूल), पेरिफेरल ब्लॉक (एखादाच भाग बधिर करणं), सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी), बाळं, हृदय. हात शिवशिवतात सगळ्यावर खूण करायला. जे गेल्या दोन वर्षांत केलं आहे त्यावरच करा. सेंट्रल लाइनवर खूण केलीत आणि शेवटची लाइन शिकाऊ असताना टाकली होतीत, तर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी किट तुमच्या हातात ठेवेल.

एजन्सी

एकीपेक्षा जास्त एजन्सींशी बोला, पण एकाच रुग्णालयासाठी दोन एजन्सींना नाव पाठवू देऊ नका. जिने आधी नाव पाठवलं तिचा हक्क धरला जातो, आणि दोघींनी पाठवलं तर रुग्णालय भांडण टाळायला तिसऱ्याच माणसाला घेतं. रिक्रूटरला लेखी सांगा: 'माझं नाव कुठेही पाठवण्याआधी रुग्णालयाचं नाव सांगून माझी परवानगी घ्यायची.' मी हे न सांगितल्यामुळे एक चांगली जागा गमावली. रिक्रूटर सज्जन होता, फक्त उत्साही.

एजन्सी रुग्णालयाकडून जे घेते आणि तुम्हाला जे देते, त्यातला फरक तिचा. तो किती हे विचारायला लाजू नका. सांगतीलच असं नाही, पण विचारल्यावर दर थोडा हलतो.

ओळखीतून थेट रुग्णालयाशी करार करता आला तर हा फरक वाचतो, पण मग विमा, प्रवास, घर, बिल पाठवणं आणि बिल वसूल करणं हे सगळं तुमच्याकडे. पहिले दोन-तीन करार एजन्सीतूनच करा.

करार वाचणे

शाई पुसून जाईल इतक्या वेळा वाचा. खालच्या प्रश्नांची उत्तरं करारात लिहिलेली दिसली नाहीत तर ती तोंडी आहेत, आणि तोंडी म्हणजे नाहीत.

हमीचे तास किती? 'आठवड्याला ४०' असं लिहिलेलं असेल आणि यादी दुपारी एकला संपली, तर तुम्हाला घरी पाठवल्यावर पैसे मिळतात का? हमी रोजची की आठवड्याची? रोजची असेल तर मंगळवारी दहा तास आणि बुधवारी सहा तास झाले तरी बुधवारचे आठ तास तुमचे. आठवड्याची असेल तर सगळं एकत्र मोजलं जातं.

ओव्हरटाइम कुठून सुरू होतो: रोज आठ तासांनंतर, दहानंतर, की आठवड्याचे चाळीस झाल्यावर? कॉलवर घरी बसायचे पैसे वेगळे, बोलावल्यावरचे वेगळे. बोलावल्यावर किमान किती तास धरतात? वीस मिनिटांच्या एपिड्युरलसाठी पहाटे चाळीस मैल गाडी चालवायची असेल तर किमान दोन तास धरायलाच हवेत. रुग्णालयापासून किती मिनिटांत पोचायचं, हेही त्याच ओळीत लिहून घ्या, कारण घर कुठे घ्यायचं ते त्यावर ठरतं.

रद्द करण्याचं कलम. हे मी सगळ्यात आधी वाचते. दोन्ही बाजूंना सारखी नोटीस, साधारण तीस दिवस, आणि रुग्णालयाने कमी नोटिशीत काढलं तर हमीच्या तासांचे पैसे. 'रुग्णालयाच्या गरजेनुसार' असे दोन शब्द दिसले तर ते खोडायला सांगा. माझ्या पहिल्या कराराची गोष्ट वर सांगितलीच.

प्रवास आणि घर. एजन्सी स्वतः बुक करते की तुम्ही करून बिल पाठवता? स्वतः घर घेतलंत तर त्याचा भाडेकरार तुमच्या कामाच्या करारापेक्षा लांब असू नये. महिन्या-महिन्याचं महाग पडतं, पण माझ्यासारखं गळ्यात पडत नाही.

पुढच्या कामावर बंदी. त्या रुग्णालयात एजन्सीशिवाय किती काळ काम करायचं नाही, हे ठरलेलं असतं. एक-दोन वर्षं सर्रास असतात. ते ठीक. पण 'त्या समूहाच्या कुठल्याही रुग्णालयात' असं असेल तर तो समूह किती मोठा आहे ते आधी शोधा. कधीकधी अर्धं राज्य त्यात निघतं.

आणि मॅलप्रॅक्टिस. दोन प्रकार. ऑकरन्स पॉलिसी म्हणजे घटना पॉलिसी चालू असताना घडली की पुरे, दावा पाच वर्षांनी आला तरी ती उभी राहते. क्लेम्स-मेड म्हणजे दावा येईल तेव्हाही पॉलिसी चालू हवी, नाहीतर मागचं झाकायला टेल विकत घ्यावी लागते, आणि टेल महाग असते. प्रसूतीच्या किंवा लहान मुलांच्या केसेसमध्ये दावा अनेक वर्षांनीही येऊ शकतो, कारण अल्पवयीनांसाठी बहुतेक राज्यांत मुदत लांबते. म्हणून तिथे हा प्रश्न दरापेक्षा मोठा. विचारायचे प्रश्न तीन: कुठल्या प्रकारची, मर्यादा किती (दर दाव्याला दहा लाख आणि वर्षाला तीस लाख डॉलर ही नेहमीची जोडी), आणि क्लेम्स-मेड असेल तर टेल कोण भरणार? तिसऱ्याचं उत्तर करारात एजन्सीच्या नावाने लिहिलेलं हवं. मर्यादा फक्त तुमच्या एकटीची की सगळ्यांत वाटून, हेही विचारा.

पैसे: १०९९ की डब्ल्यू-२

डब्ल्यू-२ वर असाल तर एजन्सी मालक, कर कापून पगार हातात. १०९९ वर असाल तर पूर्ण रक्कम हातात येते, आणि इथेच बऱ्याच जणी फसतात. एक हिशेब करून दाखवते, २०२५ च्या आकड्यांनी. दर ताशी २०० डॉलर धरा, आठवड्याला ४० तास, वर्षात ४६ आठवडे. झाले ३,६८,००० डॉलर. यावर, खर्च वजा करण्याआधी धरलं तर, सेल्फ-एम्प्लॉयमेंट कर साधारण ३१,७०० डॉलर बसतो: सोशल सिक्युरिटीचे १२.४ टक्के १,७६,१०० डॉलरच्या मर्यादेपर्यंत आणि मेडिकेअरचे २.९ टक्के मर्यादेशिवाय. डब्ल्यू-२ वर यातला अर्धा मालकाने भरला असता. आयकर वेगळाच. त्याशिवाय रजा नाही, आजारपणाची रजा नाही, आरोग्य विमा तुमचा, निवृत्तीची भर तुमची. म्हणून १०९९ चा दर डब्ल्यू-२ पेक्षा थोडासाच जास्त असेल तर तो जास्त नसतोच.

पैसे खात्यात आले की एक तृतीयांश हिस्सा लगेच वेगळ्या खात्यात टाका. वर्षातून चार वेळा अंदाजी कर भरायचा: १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ जानेवारी. गेल्या वर्षीच्या एकूण करापेक्षा १० टक्के जास्त, म्हणजे ११० टक्के, वेळच्या वेळी भरत गेलात तर यंदा कितीही कमावलं तरी दंड लागत नाही. हा नियम गेल्या वर्षीचं उत्पन्न दीड लाख डॉलरच्या वर असलेल्यांसाठी. त्याखाली १०० टक्के पुरतात.

प्रवास-घराचा खर्च वजा करता येतो, पण त्यासाठी 'टॅक्स होम', म्हणजे कायमचा ठिकाणा, खरा हवा. सगळं सामान गाडीत टाकून गावोगाव फिरणाऱ्या माणसाला आयआरएस (केंद्राचं कर खातं) फिरता समजतं आणि वजावट देत नाही. शिवाय एकाच ठिकाणचं काम एक वर्षापेक्षा जास्त चालेल अशी अपेक्षा झाली, की त्या दिवसापासून ते तात्पुरतं राहत नाही. 'अजून तीन महिने थांबता का?' असं चौथ्यांदा विचारलं गेलं तर हो म्हणण्याआधी सीपीएला, म्हणजे हिशेबतज्ज्ञाला, फोन करा. प्रत्येक राज्याचं वेगळं रिटर्न भरावं लागतं, तेही त्याच्याकडूनच करून घ्या. सोलो ४०१(के), म्हणजे एकट्याने काम करणाऱ्यांचं निवृत्ती खातं, उघडलं तर २०२५ मध्ये दोन्ही बाजू (मालकाची आणि नोकराची) मिळून ७०,००० डॉलरपर्यंत टाकता येत होते (पन्नाशीखालच्यांना). कंत्राटी कामात माझ्या मते हाच सर्वात मोठा फायदा आहे, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

कॅलिफोर्नियात कंत्राटदार कुणाला म्हणायचं ते ठरवणाऱ्या एबी-५ कायद्याने डॉक्टरांना सूट दिली, सीआरएनएंना नाही. तिथे बहुधा डब्ल्यू-२ वरच काम मिळतं, आणि दर तेवढा धरूनच बोलायचा.

पहिला दिवस आदल्या दिवशी सुरू होतो

ओरिएंटेशन म्हणून कधी एक दिवस मिळतो, कधी दोन तास. एकदा मला बॅज मिळाला आणि दहाव्या मिनिटाला पेशंट. म्हणून मी शक्यतो आदल्या दुपारी जाते. बॅज, पार्किंग, एपिकचा (संगणकावरच्या पेशंट-नोंदींचा) लॉगिन, औषधांच्या कपाटाचा बोटाचा ठसा. यातलं एक जरी अडलं तर सकाळी फेंटानिल काढायला दुसऱ्याची मनधरणी करावी लागते, आणि पहिल्याच दिवशी दुसऱ्याच्या नावावर नार्कोटिक काढणं हा मार्ग घ्यायचाच नाही. केस थोडी उशिरा सुरू होऊ द्या.

मग चालत फिरते आणि हात लावून बघते. डिफिकल्ट एअरवेची (श्वासनलिकेत नळी घालणं अवघड गेलं तर लागणाऱ्या साधनांची) गाडी कुठे, त्यात कुठला व्हिडिओ लॅरिंगोस्कोप, तो चालू होतो का. एमएचची (मॅलिग्नंट हायपरथर्मिया, म्हणजे भुलेतल्या त्या जीवघेण्या तापाची) गाडी कुठे, आणि आत कुठलं डँट्रोलीन. हा प्रश्न उगाच नाही. जुन्या प्रकारच्या २० मिलिग्रॅमच्या बाटलीत ६० मिली निर्जंतुक पाणी घालावं लागतं. ७० किलोच्या पेशंटला २.५ मिलिग्रॅम प्रतिकिलो म्हणजे १७५ मिलिग्रॅम, म्हणजे नऊ बाटल्या आणि त्या मिसळायला तितकेच हात. नव्या रायनोडेक्सच्या एका बाटलीत २५० मिलिग्रॅम, ५ मिली पाण्यात. एकात तुम्हाला चार माणसं बोलवावी लागतील, दुसऱ्यात एक. ब्लॉक होत असतील तर २० टक्के लिपिड (बधिर करणाऱ्या औषधाची विषबाधा झाली तर द्यायचं) कुठे? रक्तपेढीचा फोन? मॅसिव्ह ट्रान्सफ्युजन (एकदम भरपूर रक्त मागवणं) कुठल्या शब्दाने सुरू होतं? रात्री मदतीला कोण, आणि तो इमारतीत असतो की वीस मिनिटांवर?

औषधांचा ड्रॉवर उघडून प्रत्येक बाटलीवरचा आकडा वाचा. लेबलांचे रंग सगळीकडे जवळपास सारखे असतात, ड्रॉवरमधली जागा आणि तीव्रता नसते. रक्तदाब वाढवणारं फेनिलएफ्रिन एका ठिकाणी १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली अशा तयार सिरिंजमध्ये येतं, दुसरीकडे १० मिलिग्रॅम प्रति मिलीच्या बाटलीत, जे स्वतः पातळ करायचं. फरक शंभर पट. केटामाइन १०, ५० आणि १०० अशा तिन्हींत मिळतं. जुन्या ठिकाणी हात आंधळेपणाने तिसऱ्या खणाकडे जायचा, इथे तिसऱ्या खणात दुसरंच काही असतं. मी पहिले तीन दिवस प्रत्येक औषध काढताना लेबल मोठ्याने वाचते. हसतात लोक. हसू देत. आपल्या कामाचं नावच भूल आहे, चूक नाही.

मशीन तुमच्या ओळखीचं नसेल तर विचारा. पूर्ण तपासणी कशी सुरू होते, हाताने श्वास द्यायचं बटण कुठे, मागे ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे का, आणि खोलीत स्वतंत्र अंबू बॅग (हाताने श्वास द्यायची पिशवी) आहे का. सक्शन चालू करून बघा.

आणि माणसं. चार्ज नर्स, भूल तंत्रज्ञ, पॅकूची (शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येण्याच्या खोलीची) मुख्य नर्स. यांना नावाने ओळखा. सर्जनविषयी तंत्रज्ञाला विचारा: 'या डॉक्टरांना काय आवडत नाही?' 'काय आवडतं' यापेक्षा या प्रश्नाला उत्तरं लांब मिळतात.

मधले आठवडे

टाइमशीट दर आठवड्याला, त्याच दिवशी, समन्वयकाच्या सहीने. सुरुवात-शेवटाची वेळ तुमच्या वहीतही लिहा. महिनाभराने आठवत नाही, आणि मागून केलेली दुरुस्ती कुणालाच आवडत नाही.

नार्कोटिकचा हिशेब रोज घरी जाण्याआधी बरोबर करा, उरलेलं टाकताना साक्षीदार समोर उभा असताना. मोजणीत फरक निघाला तर पहिला संशय नवीन माणसावर, आणि नवीन माणूस तुम्हीच. अन्याय आहे, पण खरं आहे.

सुरक्षित वाटत नाही अशी केस आली तर नाही म्हणा, आणि कारण लिहून ठेवा. 'बाकीच्या लोकम करतात' हे वाक्य ऐकाल. बाकीच्या करत असतील. रुग्णालय तुमचं घर नाही, पण लायसन्स तुमचंच आहे.

कुणाच्या अंतर्गत भांडणात पडू नका. तुम्ही तेरा आठवड्यांच्या. त्यांचं पंधरा वर्षांचं असतं.

निघताना

नूतनीकरण नको असेल तर नोटिशीच्या मुदतीच्या आत मेल करा, फक्त फोनवर सांगू नका. शेवटच्या आठवड्यात विभागप्रमुखाला भेटून संदर्भपत्रासाठी विचारा. दोन महिन्यांनी मेल केलात तर चेहराही आठवणार नाही. केस-यादी घ्या, पेशंटची कुठलीही ओळख न ठेवता: प्रकार, वय, भुलेची पद्धत, संख्या. विम्याचं पान आणि टेलचा कागद, असेल तर, पीडीएफमध्ये.

आणि प्रिव्हिलेज. ती आपोआप संपायची वाट बघू नका. मेडिकल स्टाफ ऑफिसला पत्र देऊन राजीनामा द्या आणि 'चांगल्या स्थितीत संपली' असं उत्तर लेखी मागा. पुढच्या प्रत्येक अर्जात आजवरच्या प्रत्येक रुग्णालयाची सुरुवात-शेवटची तारीख विचारतात, आणि ते रुग्णालय दहा वर्षांत कुठल्यातरी समूहात विलीन होऊन त्याचं ऑफिस तिसऱ्याच शहरात गेलेलं असतं. ते पत्र फोल्डरमध्ये, नावात तारखेसकट.